दुखणे नकाशात, औषध माणसाला

आपल्याकडे एक म्हण आहे. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. गेली पंचवीस वर्षे मी दवाखाना चालवतो आहे, आणि हे काम मी स्वतः किती वेळा केले याचा हिशेब अलीकडेच लागला. तो वाचकांसमोर मांडावा, म्हणून आजचा हा लेख.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त गुरुजी राहतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पूर्वी ते जुन्या गावात, पेठेत राहायचे. सकाळी देवळात जायचे, येताना दूध आणि वर्तमानपत्र आणायचे, संध्याकाळी वाचनालयात आणि तिथून कट्ट्यावर. "व्यायाम" हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, पण दिवसाकाठी तीन-चार किलोमीटर सहज चालणे व्हायचे. मुलाने बायपासजवळच्या नव्या ले-आउटमध्ये बंगला बांधला आणि गुरुजी इकडे आले. वर्षाच्या आत वजन वाढले, साखर वाढली, गुडघे कुरकुरू लागले. मी गोळ्यांचा डोस वाढवला आणि नेहमीप्रमाणे दरडावून सांगितले, "गुरुजी, रोज अर्धा तास चालायचे. सबब चालणार नाही."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चालतो की. पण चालायचे कुठे आणि कशासाठी, तेवढे चिठ्ठीवर लिहून द्या."

मला उत्तर देता आले नाही. कारण ते जिथून चालत जायचे, ती वाट बंद करण्याच्या अर्जावर माझीही सही होती.

भिंतीतले भगदाड

आमची कॉलनी आणि तिच्या पूर्वेची कॉलनी यांच्यामध्ये एक आवारभिंत आहे. पलीकडच्या कॉलनीत शाळा आहे, मारुतीचे देऊळ आहे, दूध आणि भाजीची दोन-तीन दुकाने आहेत. आमच्याकडे यातले काहीच नाही. या भिंतीला एक भगदाड होते. कोणी पाडले ठाऊक नाही, पण सगळे वापरायचे. गुरुजी तिथून देवळात जायचे. माझी मुलगी आणि आमच्या वॉचमनचा मुलगा तिथूनच शाळेत जायचे. घरापासून शाळेपर्यंत जेमतेम चारशे पावले.

मग कॉलनीत दोन चोऱ्या झाल्या. सभा भरली. भगदाड बुजवावे असा ठराव आला. मी सही केली. चोर तिथून आले की मुख्य फाटकातून, हे कोणी विचारले नाही, मीही नाही. आठ दिवसांत भिंत पूर्ण झाली.

दुसऱ्या दिवसापासून चारशे पावलांची शाळा दीड किलोमीटरवर गेली. फाटकातून बाहेर पडायचे, बायपासवर यायचे, मालमोटारींच्या कडेकडेने जायचे आणि पलीकडच्या कमानीतून आत शिरायचे. माझ्या मुलीला मी स्कूटरवरून सोडू लागलो. वॉचमनच्या मुलाकडे जुनी सायकल होती. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्याच बायपासवर मागून आलेल्या वाहनाचा त्याला धक्का लागला. मांडीचे हाड मोडले. जीव वाचला, शस्त्रक्रिया झाली, शाळेचे तीन महिने गेले. वॉचमनने मला एका शब्दाने दोष दिला नाही. भिंत कशासाठी घातली तर सुरक्षिततेसाठी, आणि ती राखायला ठेवले होते त्याच माणसाला!

या अपघाताला वाहनचालक जबाबदार आहेच. पण सातवीतल्या मुलाला त्या रस्त्यावर आणून सोडले कोणी? मी, आमच्या सभेने आणि ज्याने दोन्ही कॉलन्यांचे नकाशे वेगवेगळे मंजूर केले त्या व्यवस्थेने.

एका घराच्या सोळा फेऱ्या

त्यानंतर एके दिवशी मी स्वतःच्या घरचा हिशेब कॅलेंडरच्या मागे लिहून काढला. गाडी घराबाहेर पडली की एक फेरी, परत आली की दुसरी. दुधासाठी दोन. मुलीला शाळेत सोडायला दोन, आणायला दोन. म्हणजे मुलगी एकदाच शाळेत जाते, पण गाडीच्या मात्र चार फेऱ्या होतात! भाजी-किराण्याच्या दोन. संध्याकाळचा क्लास गावात, त्याच्या सोडण्या-आणण्याच्या चार. माझ्या दवाखान्याच्या सकाळ-संध्याकाळ मिळून चार. एकूण सोळा.

यातल्या दूध, शाळा आणि भाजी या आठ फेऱ्या भिंतीपलीकडच्या जागांसाठी होत्या. भिंतीत वाट असती तर त्या झाल्याच नसत्या. सोळातल्या आठ!

आता कल्पना करा. ले-आउटमध्ये दोनशे घरे आहेत. प्रत्येक घराच्या सोळा नको, दहाच फेऱ्या धरा. रोजच्या दोन हजार फेऱ्या झाल्या. बायपासच्या बाजूला असे पाच ले-आउट झाले की दहा हजार. मग आपण म्हणतो, गावात ट्रॅफिक फार वाढले, चौकात सिग्नल बसवा, रस्ता रुंद करा. पण त्या फेऱ्या रस्त्यावर जन्मत नाहीत. त्या ले-आउटचा नकाशा मंजूर होतो त्या टेबलावर जन्मतात. दुकान कुठे, शाळा कुठे, शेजारी जायला वाट आहे की नाही, हे एकदा ठरले की पुढची पन्नास वर्षे त्या घरातला माणूस चालणार की गाडीला किक मारणार, हेही ठरून जाते.

यात आरोग्याचा काय संबंध?

काही वाचक म्हणतील, डॉक्टरांनी औषधाचे बघावे, नगररचनेत कशाला पडावे? त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. तिथल्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांच्या हृदयविकाराचा त्यांनी अभ्यास केला आणि तो 1953 साली प्रसिद्ध झाला. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर तिकिटांसाठी जिने चढत-उतरत. बस तीच, शहर तेच. पण वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला. शरीराला जी हालचाल कामाच्या ओघात आपोआप घडते, तिचे मोल तेव्हापासून वैद्यकशास्त्राला कळले.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते आणि मुलांना रोज सरासरी तासभर. आता गणित पाहा. दूध-भाजीला जाताना दहा मिनिटे, येताना दहा मिनिटे. सात दिवसांची 140 मिनिटे इथेच झाली. ना ट्रॅकसूट, ना जिमची फी, ना पहाटेचा गजर. आणि पावले थोडी भरभर टाकली की डॉक्टरही खूश!

हे का महत्त्वाचे? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे, आणि त्याहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा आजार आता फक्त मोठ्या शहरांचा राहिलेला नाही, हे माझ्या दवाखान्यातल्या बाकावर रोज दिसते. दुसरीकडे 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसे गेली. त्यातली निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरची होती, तर सुमारे पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. धूर आणि आवाज यांचा त्रास वेगळाच. दम्याच्या मुलाला मी पंप लिहून देतो, पण त्याच्या खिडकीखालून जाणाऱ्या गाड्या कमी करणारे औषध माझ्या कपाटात नाही. ते औषध पालिकेच्या कपाटात आहे.

नियम काय म्हणतात?

मला वाटायचे, यासाठी नवा कायदा लागेल. चौकशी केली तेव्हा कळले की बरेचसे नियम आहेतच. महाराष्ट्रात 2020 च्या डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर आपल्यासारख्या गावांनाही तीच लागू आहे. त्या नियमावलीत ले-आउट मंजूर करताना आतील रस्त्यांचा शेजारच्या जमिनीतील रस्त्यांशी समन्वय साधण्याची तरतूद आहे. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते.

प्रत्यक्षात काय होते? आमच्या ले-आउटच्या नकाशात आतला रस्ता पूर्वेच्या हद्दीपर्यंत येतो. पलीकडच्या नकाशातला रस्ताही हद्दीपर्यंत येतो. पण दोन्ही समोरासमोर नाहीत. एकाचा रस्ता दुसऱ्याच्या प्लॉटवर जाऊन आदळतो. दोन वेगवेगळ्या वर्षी दोन वेगवेगळे कागद मंजूर झाले, आणि ते शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिले नाही. खुली जागा म्हणाल तर तीही कोपऱ्यात, जिथे प्लॉट पडत नव्हता तिथे. तिथे आज गाजरगवत उभे आहे.

गाड्या उभ्या करायला किती जागा हवी, याचा तक्ता नियमावलीत सविस्तर आहे. पण त्या गाड्या दिवसातून किती वेळा बाहेर पडतील आणि ते कमी कसे करता येईल, हा प्रश्न साध्या ले-आउटच्या अर्जात कोणी विचारत नाही. वीस हजार चौरस मीटरवर बांधकाम असलेल्या प्रकल्पांना पर्यावरण परवानगी घेताना वाहतुकीचा विचार मांडावा लागतो. आपल्या तालुक्याच्या गावातले बहुतेक ले-आउट त्या चाळणीत सापडतच नाहीत. सुटे सुटे मंजूर होतात, आणि सगळे मिळून गाव कोंडते.

इतरांनी काय केले?

गाडीचे वेड आपल्याआधी ज्यांनी भोगले, ते यावर आपल्याआधी शहाणे झाले. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने 2017 साली नियम केला. नवा मोठा प्रकल्प बांधणाऱ्याने वाहनांच्या फेऱ्या कमी करण्याचे उपाय स्वतःच योजायचे. त्याला गुण मिळवावे लागतात. गाड्यांसाठी जागा जितकी जास्त ठेवाल, तितके जास्त गुण कमवावे लागतात. उपायांची यादी शहराने दिली आहे. सायकलींसाठी सोय, बसपासासाठी मदत, आवारातच पाळणाघर, असे त्यातले हवे ते निवडायचे. आणि इमारत उभी राहिली की काम संपले असे नाही. उपाय चालू आहेत की नाहीत हे पुढेही तपासले जाते.

ते फार मोठे शहर, आपले गाव लहान, असे कोणी म्हणेल. मग नेदरलँड्समधले हाउटेन पाहा. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढीच. 1970 च्या दशकात त्याचा विस्तार आखताना त्यांनी एक साधी युक्ती केली. मोटारींना वस्तीतून वस्तीत थेट जाता येत नाही, बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून वळसा घ्यावा लागतो. पायी आणि सायकलने मात्र गावाच्या मधोमध सरळ वाट आहे, आणि शाळा त्या वाटेवर आहेत. वळसा गाडीला, सरळ वाट माणसाला. आपण नेमके उलटे केले आहे.

आपल्या गावात काय करता येईल?

पालिकेने आणि हद्दीबाहेरच्या ले-आउटसाठी जिल्हाधिकारी कार्यालय व नगररचना विभागाने एवढे पाच मुद्दे विचारात घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.

1. ले-आउटचा नकाशा एकटा पाहू नये. शेजारचे मंजूर नकाशे त्याला जोडून पाहावेत. रस्ता जुळत नसेल तर निदान पायी आणि सायकलने जाण्यापुरती वाट हद्दीपर्यंत खुली ठेवायला लावावी, आणि तिच्यावर भिंत घालू देऊ नये.

2. अर्जासोबत एक साधा कागद मागावा. शाळा, दूध-किराणा, दवाखाना आणि एस.टी. थांबा येथून पायी किती मीटर? विकासकाने खरा आकडा लिहावा. अंतर जास्त असेल तर ते कमी करण्यासाठी तो काय करणार, तेही लिहावे.

3. खुली जागा कोपऱ्यात ढकलू नये. ती पायवाटेला लागून, घरांच्या मध्ये असावी. म्हणजे आजी-आजोबांना जायला जागा आणि मुलांना खेळायला. प्रवेशाजवळ चार-पाच छोट्या दुकानांची सोय नकाशातच असावी.

4. पदपथ, दिवे आणि कडुनिंब-करंजाची सावली ही कामे आधी, भोगवटा प्रमाणपत्र नंतर. माणसे राहायला आली, गाड्या घेतल्या, सवयी लागल्या, की मागून केलेला पदपथ फेरीवाल्यांच्या आणि पार्किंगच्याच कामी येतो.

5. सौर बंब आणि पावसाचे पाणी जिरवणे यासाठी काही महापालिका मालमत्ता करात सवलत देतात. त्याच धर्तीवर खुली वाट, दुकाने आणि सायकलींची सोय राखणाऱ्या कॉलन्यांना काही सवलत देता येईल का, याचा विचार व्हावा. आणि गावाला लागून प्लॉट रिकामे पडलेले असताना चार किलोमीटरवर नवे ले-आउट कशासाठी, हा प्रश्न विकास आराखडा करतानाच विचारला जावा.

आक्षेपांची उत्तरे

विकासक म्हणतील, प्लॉट महाग होतील. दहा फुटांची पायवाट किती महाग करणार? उलट "शाळा पायी चार मिनिटे" ही जाहिरात बायपासवरच्या कमानीपेक्षा जास्त प्लॉट विकेल.

कोणी म्हणेल, आपल्याकडे ऊन फार. खरे आहे. भर दुपारी कोणी पायी भाजी आणावी असे मी म्हणत नाही. पण शाळा, दूध आणि देऊळ ही कामे सकाळ-संध्याकाळची असतात, आणि सावली लावता येते.

कोणी म्हणेल, वाट खुली केली की चोर येतील. ही भीती मी नाकारत नाही, मीच त्या भीतीपोटी सही केली होती. पण जिथे दिवसभर माणसांची ये-जा आहे, तिथे चोराला लपणे अवघड असते, हे जुन्या पेठेत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय भिंत आणि भगदाड यांच्यामध्ये फाटक नावाची एक सोय आहे.

आणि गाड्या विका असेही कोणी म्हणत नाही. रात्री-अपरात्री रुग्ण आला तर मलाही गाडीच काढावी लागते. प्रश्न आहे तो पाव किलो मिरच्यांसाठी निघणाऱ्या गाडीचा.

शेवटी

वाचकहो, आपल्या गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यावर हरकती आणि सूचना द्यायला मुदत असते. आपण त्या वेळी फक्त आपल्या सात-बाऱ्यावर आरक्षण पडले का, एवढेच पाहतो. पुढच्या वेळी आपल्या नातवंडांची शाळेची वाटही नकाशात शोधा. प्लॉट घ्यायला जाल तेव्हा पाणी, वीज आणि रस्ता यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. इथून पायी कुठे कुठे जाता येते? उत्तर "कुठेच नाही" असे असेल तर तो प्लॉट कितीही स्वस्त असो, त्याचे उरलेले हप्ते औषधाच्या दुकानात भरावे लागतील.

आमच्या कॉलनीचे काय झाले? गेल्या महिन्याच्या सभेत मी उठून माझी जुनी सही मागे घेत असल्याचे सांगितले आणि भिंतीत छोटे फाटक बसवावे अशी सूचना मांडली. दोन तास वाद झाला. गुरुजी काठी टेकत आले होते, ते शेवटपर्यंत बसून राहिले. सकाळी सहा ते रात्री नऊ फाटक उघडे ठेवायचे, तीन महिने करून पाहायचे, असे ठरले. पलीकडच्या कॉलनीची संमती अजून यायची आहे. लोहाराला माप मात्र देऊन ठेवले आहे.

गुरुजींच्या गोळ्या मी अजून कमी केलेल्या नाहीत. फाटक उघडले की तीन महिन्यांनी साखर तपासू, असे त्यांना सांगितले आहे.